हाडातल्या कॅन्सरची गाठ गोठवणं हा श्रीमंती चोचला?

रानवारा:
काल एकाने ठोकून दिलं, "हाडात पसरलेल्या कॅन्सरला बर्फ लावून काय होणार? पैसेवाल्यांचे चोचले." अहो, बर्फ लावत नाहीत! सीटी स्कॅनवर बघत सुई थेट गाठीत घालतात, आर्गॉन वायूने गोठवतात, वितळू देतात, पुन्हा गोठवतात. उणे ४० अंशांखाली पेशी मरतात. बर्फाचा गोळा स्कॅनवर दिसतो, म्हणून शेजारच्या नसेपासून लांब राहता येतं. माझ्या आत्याच्या खुब्याशी गाठ होती. रेडिएशनची किरणं घेऊनही कूस बदलता येत नव्हती. गोठवल्यावर महिन्याच्या आत खुर्चीत बसून मेथी निवडायला लागली. हा चोचला?

सडाफटिंग:
तो 'एक' मीच. आत्यांना आराम पडला, चांगलं झालं. पण पहिला उपाय किरणांचाच. एका बैठकीत ८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), दहातल्या साधारण सहा जणांचं दुखणं कमी होतं. तुमची सुई किती जिल्ह्यांत मिळते? दुखऱ्या माणसाला सोलापुराहून मुंबईला न्यायचं?

रानवारा:
उरलेल्या चौघांनी काय करायचं, तेही सांगा ना! गाठ गोठवण्याच्या २०२१ च्या 'मोशन' अभ्यासात असेच रुग्ण होते, नेहमीच्या उपचारांनी न भागलेले किंवा ते देता न येणारे. आठ आठवड्यांत वेदना दहापैकी सरासरी दोन अंकांहून जास्त उतरली.

सडाफटिंग:
६६ रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. एवढ्यावर लोकांना कर्ज काढायला लावू नका.

शेवंता:
सुई ठेवा बाजूला. दुखणं शमवणारं मॉर्फिन कुठे मिळतं ते बोला. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा सैल झाला म्हणतात. बाबांची चिठ्ठी घेऊन फिरले तर प्रत्येक दुकानदार ती दोन बोटांनी परत सरकवायचा. मिळाल्या तेव्हा काकांनी गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या, "व्यसन लागेल" म्हणून. बाबा रात्रभर कण्हत होते.

माळावरचा:
काका चुकले नाहीत. मॉर्फिन सुरू झालं आणि आमची आई आठवड्यात गेली.

भूलवाला:
आई आजाराने गेली हो, गोळीने नाही! गोळी शेवटी शेवटी सुरू करतात, म्हणून तसं वाटतं. डोस हळूहळू वाढवायचा, सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यायचं. असलं लिहून लोकांना घाबरवू नका.

माळावरचा:
तुम्ही होतात का तिच्या उशाशी? मग शिकवू नका.

शेवंता:
मी होते बाबांच्या उशाशी. कण्हणं ऐकलंय. तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा.

भूलवाला:
मूळ मुद्द्यावर: गोठवल्याने हाड मजबूत होत नाही. मांडीच्या हाडासारखं वजन पेलणारं हाड पोखरलं असेल तर हाडात भरायचं सिमेंट किंवा सळई लागते. आणि गाठी अंगभर असतील तर सुई कुठे कुठे घालणार?

सडाफटिंग:
बरं. किरणं देऊनही दुखतंय, दुखरी जागा एक-दोनच आहे, तर सुई. एवढंच मान्य, पुढे नाही.

रानवारा:
आत्याचं नेमकं तेच होतं. कालच नीट वाचलं असतंत तर?

शेवंता:
तुमचं मिटलं असेल तर कुणीतरी सांगा, लातूर-नांदेडकडे मॉर्फिन ठेवणारं रुग्णालय कोणतं? शेजारच्या मावशींना आजच हवंय.