घोड्यांच्या झुली धुण्याचा जोडधंदा: यूकेत कुणी करतंय का?

सफोककर

नमस्कार मंडळी. मी आणि बायको मिळून सफोकमध्ये न्यूमार्केटच्या जवळ कार्पेट आणि सोफा क्लीनिंग करतो. काम बरं चाललंय पण वसंतात जरा थंडावतं, लोक म्हणतात आता उन्हाळा आला, मुलं बागेत असतील, कार्पेट नंतर बघू. तर परवा एका कस्टमर बाईंनी सोफा झाल्यावर विचारलं की माझ्या घोड्याचे रग धुऊन द्याल का, गॅरेजमध्ये पाच पडलेत, घरच्या मशीनमध्ये घालायला नवरा देत नाही आणि गावातल्या लाँड्रेटवाल्याने तर दारावरच पाटी लावलीय की घोड्याचं काही आणू नका. मी बघून येतो म्हणालो आणि गेलो, तर बाहेरून ताडपत्रीसारखं कापड, आत जाड अस्तर, चिखल वाळून खपली झालेला आणि लघवीचा असा भपकारा की डोळे चुरचुरले.

ज्यांना घोड्यांचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे थंडीत घोड्याकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याचे केस मशीनने कापतात म्हणजे घामाने भिजून गारठत नाही, आणि मग केस नाहीत म्हणून त्याला झूल घालावी लागते. एकेका घोड्याच्या चार-पाच तरी असतात. पावसात बाहेर सोडताना घालायची वेगळी, तबेल्यातली वेगळी, घाम टिपायची फ्लीसची वेगळी, उन्हाळ्यात माश्यांसाठी जाळीची वेगळी.

आता प्रश्न. माझ्याकडे कार्पेटचं एक्स्ट्रॅक्शन मशीन आहे, त्याने जमेल का? की मोठं वॉशिंग मशीनच लागेल? आणि रेट काय लावायचा? न्यूमार्केटला रेसचे अडीच-तीन हजार घोडे आहेत म्हणतात, म्हणजे मार्केट तर दारातच आहे ना?

यॉर्कशायरची_मावशी

सफोककर, चांगला विषय काढलास. आमची छोटी लाँड्री आहे आणि झुलींचं काम आम्ही बरीच वर्षं करतोय म्हणून नीट सांगते, लांबण लागेल पण वाच.

पहिलं, कार्पेटच्या मशीनचं डोक्यातून काढून टाक. वरवरची घाण निघेल पण अस्तरात जे मुरलेलं असतं, लघवी, घाम, केस, ते तसंच राहतं आणि घोडा तापला की वास परत येतो. शिवाय त्या मशीनवर तू लोकांच्या बेडरूमची कार्पेटं करतोस, त्याच होजमधून तबेल्यातलं पाणी ओढायचं नाही. घोड्यांना गजकर्ण होतं, ते माणसालाही लागतं, आणि त्याची बुरशी कापडावर महिनोन्महिने जिवंत राहते. वेगळी जागा, वेगळं मशीन, वेगळे ग्लोव्ह्ज, मास्क. यात काटकसर करायची नाही.

मशीन इंडस्ट्रियलच घे, सेकंडहँड चालेल, पण घेताना खालून बघ की पाणी पंपाने बाहेर जातं की व्हॉल्व्हने सरळ खाली पडतं. पंपवालं घेतलंस तर केसांनी पंप चोंदणार म्हणजे चोंदणारच. मोठ्या घोड्याची जाड झूल, साडेसहा फुटी, कोरडी असतानाच चार-पाच किलो भरते आणि पाणी प्यायली की दोघांनी उचलावी लागते, त्यामुळे अठरा किलोच्या खालचं ड्रम घेऊ नकोस.

धुताना 30 डिग्रीच्या वर जायचं नाही. बाहेरचं कापड वॉटरप्रूफ असतं, आतून त्याला कोटिंग असतं, गरम पाण्याने ते सुटतं आणि एकदा सुटलं की ती झूल फक्त नावाला झूल. साधी वॉशिंग पावडर नाही आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही, दोन्हींमुळे कापड पाणी धरायला लागतं. निकवॅक्सचं रग वॉश मिळतं किंवा तशा दुसऱ्या कंपन्यांचं, ते वापर. बकल आणि साखळ्या जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बांधून टाक, नाहीतर मशीनची काच जाते.

पण खरं सांगू का, धुणं हा यातला सोपा भाग आहे. वाळवणं हा खरा धंदा आहे. टंबल ड्रायर चालत नाही, उष्णतेने कोटिंग जातं. चौरस मीटरला 300 ग्रॅम भराव असलेली झूल इथल्या दमट हवेत टांगली तर दोन-तीन दिवस आरामात घेते, आणि वरून कोरडी लागते पण मानेजवळच्या शिवणीत हात घालून बघ, तिथे गार लागलं की ती ओलीच आहे. तशीच घडी करून पिशवीत घातली की महिन्याभरात काळी बुरशी. म्हणजे तुझं मशीन तासाला एक झूल काढेल पण टांगायला जागा दहाचीच असेल तर आठवड्याला किती काम घेऊ शकशील ते दांड्या मोजून ठरव, मशीन बघून नाही. आमच्याकडे शेडमध्ये छतापासून आडव्या दांड्या, दोन मोठे डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारी यंत्रं) आणि पंखे आहेत, वीजबिल त्याचंच येतं.

बॅलरॅटहून_अभि

मावशींनी सगळं अचूक लिहिलंय. मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात असतो, इथे उलटं, थंडी जून ते ऑगस्ट म्हणून आमच्याकडे धुण्याचा पूर ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतो. वाळवायचा त्रास कमी पण इथे कॅनव्हासच्या झुली अजून बऱ्याच आहेत, जाड सुती कापड आणि आत लोकर. त्या मशीनमध्ये घालायच्याच नाहीत. आम्ही काँक्रीटवर पसरून थंड पाणी आणि ताठ ब्रश एवढंच करतो, आणि वाळल्यावर परत वॅक्सचं प्रूफिंग, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून लावायचा थर. साबण लावला की कॅनव्हास गळायला लागतो.

प्रूफिंगबद्दल एक. लिक्विड मशीनमध्ये टाकून करायचं की स्प्रेने, यावर लोक भांडतात. मी स्प्रेच्या बाजूचा. मशीनमध्ये टाकलं की आतल्या अस्तरालाही लागतं आणि मग ते घाम शोषत नाही, घोडा आतून ओला राहतो. स्प्रे फक्त बाहेरून. वेळ जास्त जातो, त्याचे पैसे वेगळे लाव. आणि दर वेळी प्रूफिंग लागतंच असं नाही, पाठीच्या भागावर मगभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबायचं आणि खालून हात लावायचा, कोरडं असेल तर कस्टमरला सरळ सांगायचं की यंदा गरज नाही. असं सांगितलेलं लोक विसरत नाहीत, तेच पुढच्या वर्षी आणखी चार जणांना घेऊन येतात.

खराराप्रेमी

मी पुण्याचा, काका रेसकोर्सच्या पागेत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची देखभाल करायचे, लहानपणी सुट्टीत तिथेच पडीक असायचो. आपल्याकडे झुली साध्या, सुती नाहीतर तागाच्या, आणि धुणारा मोतद्दारच. पण एक गोष्ट तिथली सगळीकडे लागू पडेल. काका कधीही झूल आणल्याआणल्या पाण्यात घालू द्यायचे नाहीत. आधी उन्हात कडक वाळवायची, मग उलटी टाकून घोड्याच्याच खराऱ्याने केस आणि माती झाडून काढायची, कोपऱ्यात केसांचा ढीग लागायचा. ते केस ओले झाले की कापडात असे रुततात की मग बोटांनी उपटत बसा. अर्धं काम कोरड्यातच होतं.

दुसरं म्हणजे खळबळणं. साबण राहिला तर घोड्याला खाज सुटते, अंग भिंतीला घासून घासून केस घालवतो. काका शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन बघायचे, फेस दिसला की परत. खोगिराखालचे नमदे तर याहून जपून, कारण तिथे वजन पडतं. आणि वाळवण्याचं म्हणाल तर पुण्याचा रेसचा सीझनच ऐन पावसाळ्यात, त्यामुळे तबेल्याच्या ओवरीत दोऱ्याच दोऱ्या.

सफोककर, तुम्ही मशीन लावा पण आधी झाडायला माणूस ठेवा.

सफोककर

अरे वा, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. खराराप्रेमी, ते कोरडं झाडायचं एकदम पटलं. मावशी, रेट आणि मार्केटचं राहिलं. आणि माझ्याकडे मागे एक रिकामी शेड आहे पण सांडपाणी कुठे सोडायचं?

यॉर्कशायरची_मावशी

सांडपाण्याचं बरं विचारलंस. अंगणातली जी पावसाच्या पाण्याची जाळी असते त्यात सोडायचं नाही, ते बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्याला जातं. फाउल ड्रेनलाच, म्हणजे मैलापाण्याच्या गटारालाच जोड, आणि धंदा म्हणून करतोयस तर वॉटर कंपनीला आधी फोन करून ट्रेड इफ्लुएंट कन्सेंट (धंद्याचं सांडपाणी सोडायची परवानगी) लागेल का ते विचारून घे. मध्ये केस आणि गाळ अडवायला टाकी हवीच. इन्शुरन्सवाल्यालाही कळव, कार्पेटच्या पॉलिसीत ट्रीटमेंट रिस्क (साफ करताना ती वस्तूच खराब झाली तर भरपाई) असेल पण त्यात झुली येतात का ते लेखी घे. चांगल्या नव्या झुलीला दोनशे पौंड पडतात.

मार्केट. रेसच्या घोड्यांच्या मागे लागू नकोस. मोठ्या यार्डात, म्हणजे तबेल्यांच्या आवारात, त्यांची स्वतःची लाँड्री असते नाहीतर ठरलेला माणूस असतो, आणि त्यांना आज दिलं की उद्या हवं असतं. तुझं गिऱ्हाईक म्हणजे लिव्हरी यार्ड, जिथे वीस-तीस जण आपापला एकेक घोडा भाडं देऊन ठेवतात आणि नोकऱ्या करून संध्याकाळी येतात. त्यांना वेळ नसतो आणि घोड्यावर जीव असतो. एका यार्डात एक बाई खूश झाली की पुढच्या फेरीला व्हॅन भरते. जवळच्या घोड्यांच्या खाद्याच्या दुकानात ड्रॉप, म्हणजे लोकांनी झुली आणून टाकायची सोय, ठेवता आला तर बघ, दुकानदाराला थोडं कमिशन दे.

रेट तुझ्या भागात फोन फिरवून बघ. आमच्याकडे जाड झुलीला धुण्याचे पंधरा-सोळा पौंड, पातळ आणि फ्लीस कमी, प्रूफिंग वेगळं, शिवणकाम वेगळं. शिवण तू नको करू, पट्टे तुटलेले असतात आणि ते घरच्या शिलाई मशीनवर होत नाही. एखादा घोड्याचं चामडी सामान शिवणारा गाठ, तेही खूश होतात कारण त्यांना मळकी झूल मशीनखाली घ्यायची नसते.

आणि हे नीट ऐक. झूल घेताना कस्टमरसमोर उघडून फोटो काढायचे, कुठे फाटलंय ते चिठ्ठीवर लिहून सही घ्यायची, नंबरचा कापडी टॅग शेपटीकडच्या कडीला बांधायचा. सगळ्या झुली नेव्ही ब्लू असतात, टॅग नसला तर कुणाची कुठली देवालाही कळणार नाही. पैसे झूल ताब्यात घेतानाच घ्यायचे. एप्रिल-मेमध्ये देतात आणि ऑक्टोबरपर्यंत न्यायला येत नाहीत, तोवर तुझी शेड म्हणजे गोदाम. आम्ही ठराविक मुदतीनंतर ठेवण्याचे वेगळे पैसे लावतो आणि ते पावतीवरच छापलंय.

घेताना एक प्रश्न कायम विचारायचा, यार्डात गजकर्ण किंवा स्ट्रँगल्स (घोड्यांचा घशाचा संसर्गजन्य रोग) आहे का? स्ट्रँगल्स चालू असेल तर तिथलं काहीही व्हॅनमध्ये घ्यायचं नाही, त्यांच्या व्हेटने मोकळं केल्यावरच. गजकर्णाच्या झुली वेगळ्या सीलबंद पिशवीत आणायच्या, 30 डिग्रीला बुरशी मरत नाही म्हणून बुरशीवर चालणाऱ्या जंतुनाशकात, व्हर्कॉनसारख्या, लेबलवरच्या प्रमाणात आणि वेळेपुरत्या भिजवायच्या, शेवटच्या बॅचला धुवायच्या आणि नंतर मशीन रिकामं गरम पाण्यावर चालवायचं. तुझ्या व्हॅनमधून एका यार्डाचा रोग दुसऱ्या यार्डात गेला तर घोड्यांचे हाल होतील, आणि त्या भागात तुला कुणी परत दारात उभं करणार नाही.

बॅलरॅटहून_अभि

+१ शेवटच्या मुद्द्याला. आणि सफोककर, सुरुवातीला त्या बाईंच्या पाचच झुली घ्या, शेडमध्ये टांगून किती दिवस लागतात ते मोजा, मगच मशीनचे पैसे टाका. मोजून झालं की इथे लिहा, डिह्युमिडिफायर कुठल्या साइझचा लागेल ते मी सांगतो, शेडची लांबी-रुंदी-उंची तेवढी द्या.