शृंगारिक प्रणयकादंबरी लिहायची आहे: प्रसंग, भाषा, टोपणनाव, कायदा

प्रश्न: गोलाईची_वाचक (लातूर)

नमस्कार. प्रौढ वाचकांसाठी प्रणयकादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका २९ वर्षांची, मार्केट यार्डात आडतीच्या दुकानाचे हिशेब बघते. नायक ३४ वर्षांचा, त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. दोघांचंही पहिलं लग्न मोडलेलं. २२ हजार शब्द झाले, आणि आता जवळिकीच्या प्रसंगांपाशी गाडी अडली आहे. भाषा एकतर जुन्या काव्यासारखी फुलते, नाहीतर शिवीसारखी वाटते. असे प्रसंग किती असावेत, केवढे असावेत? टोपणनावाने छापायचं तर काय काळजी घ्यायची? आणि कायद्याने कुठवर जाता येतं? घरात एकत्र कुटुंब आहे, लिहिणं मोबाइलवरच होतं. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

उत्तर: माळवद

ताई, अडचण बहुतेक वेळा शब्दांची नसते. प्रसंगात काय घडायचंय हे ठरलेलं नसलं की लेखक अवयवांची नावं शोधत बसतो. प्रत्येक प्रसंग लिहायच्या आधी तीन ओळी काढा. आत येताना या दोघांना एकमेकांबद्दल काय माहीत नाही? बाहेर पडताना काय कळलेलं असेल? आणि ते कळल्यामुळे पुढच्या प्रकरणात काय अवघड होऊन बसेल? तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग कितीही चांगला उतरला तरी गाळा. शृंगारिक कादंबरीतून वाचक पानं उलटून पुढे जातो तो नेमका याच जागी. त्या पानांनी कथा हललेली नसते.

६० हजार शब्दांच्या कादंबरीला पूर्ण लांबीचे तीन-चार प्रसंग पुरतात, प्रत्येकी १,२०० ते २,००० शब्दांचे. पहिला साधारण २४-२५ हजार शब्दांच्या आसपास यावा, म्हणजे तुम्ही आत्ता बरोबर त्याच्या दारात आहात. प्रसंगाचा निम्म्याहून जास्त भाग स्पर्शाच्या आधीचा ठेवा. कोण थांबतं, कोण निघायचं सोडून पुन्हा खाली बसतं, कोण काय विचारायचं टाळतं, याने ओढ तयार होते. आणि स्पर्श सुरू झाल्यावर वेग वाढवू नका, कमी करा. नवे लेखक तिथेच पळतात.

आता शब्द. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, शरीराला रोजचे शब्द: मान, मनगट, पाठ, पोटरी, कानामागची जागा, दंड, घाम, श्वास. जिथे रोजचा शब्द शिवीत गेलेला आहे, तिथे नाव घ्यायचंच नाही, क्रिया आणि तिचा परिणाम लिहायचा. ‘यौवन’, ‘रती’, ‘उन्मादक’ हे सरळ खोडून टाका, त्यांच्यामुळे कुठलंच माणूस डोळ्यांसमोर उभं राहत नाही. संवाद मात्र बोलीत हवेत. ‘काय करायलास?’, ‘जाऊ नको की’, ‘लई उशीर झालाय’ अशी वाक्यं त्या दोघांच्या तोंडी असली की वाचकाला खोली खरी वाटते. दिवसभर लातूरची बोली बोलणारी माणसं दिवा मालवताच पुस्तकी मराठी बोलायला लागली तर सगळं पडतं.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही आपल्या घरांमध्ये मोठी घटना असते. ती कुठे घडते हे आधी ठरवा, पहिल्या चुंबनाच्या आधी की नंतर, आणि चारचौघांत ती पुन्हा ‘तुम्ही’ म्हणते का. एवढ्या एका गोष्टीवर दोन प्रकरणं तोलता येतात.

एकांत हा आपल्याकडे कथानकाचाच भाग आहे, तो फुकट देऊ नका. मे महिन्यात ४२ अंशांत सगळं घर गच्चीवर झोपतं. नळाला पाणी यायच्या दिवशी पहाटेच सगळे उठलेले असतात. कूलरच्या घरघरीत बोलणं बाहेर ऐकू जात नाही, पण वीज गेली की सगळं ऐकू येतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे शिवारात भज्जी-आंबिलाला गेलेले असतात, शहरातल्या गल्ल्या ओस पडतात. तुमच्या नायिकेला त्या दिवशी घरी राहायला कारण काय, आणि तिला कोणकोण विचारेल? तिच्या कामाचा हंगामही वापरा. सोयाबीनची मोठी आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा तिला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्याचा धंदा उन्हाळ्यात जोरात, कारण बोअर खाली गेले की मोटारी जळतात. म्हणजे दोघांना एकाच वेळी मोकळीक क्वचित. हे वेळापत्रक मांडलं की निम्मी भांडणं आपोआप मिळतील. आणि त्याच्या हातांना वार्निशचा वास असेल, तांब्याच्या तारेने बोटं चिरलेली असतील. ते तिला कधी कळतं ते लिहा.

सूचक लिहिणं म्हणजे भित्रं लिहिणं असं समजू नका. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली सुमारे ७०० मुक्तकं. एकेका गाथेच्या दोन ओळी, त्यांत शेत, नदी, सासू, वाटसरू, आणि त्याआडून उघड शरीराची ओढ. एखादी भाषांतरित आवृत्ती जवळ ठेवा आणि प्रत्येक गाथेत काय सांगितलं नाही हे वहीत उतरवा. आपल्याच भूमीतलं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

उत्तर: शुद्धलेखन_परभणी

वरचं सगळं मान्य. मी संपादनाच्या बाजूने सांगतो, कारण असे मजकूर व्याकरणात फार अडखळतात.

मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. ‘हात धरला’ एवढंच लिहिलं तर कोणी धरला हे क्रियापद सांगत नाही. ‘मी’च्या निवेदनात तर निवेदक स्त्री की पुरुष हेही कळत नाही. म्हणून दर तीन-चार वाक्यांत एक अकर्मक क्रियापद पेरा: ‘मी थांबले’, ‘तो वाकला’. लिंग आणि कर्ता दोन्ही पक्के होतात, आणि ‘त्याने तिच्या… तिने त्याच्या…’ ही माळ तुटते. दोन्ही पात्रं स्त्रिया किंवा दोन्ही पुरुष असतील तर हे जास्तच जपायचं, तिथे नावं थोडी अधिक वेळा घ्यावी लागतात.

दृष्टिकोन एका प्रसंगात एकाचाच. ती विचार करते आणि पुढच्याच ओळीत त्याच्या मनातलं आलं की ओढ संपते, कारण समोरच्याला काय वाटतंय ही अनिश्चितताच गेली.

प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवा: तारीख, वेळ, जागा, अंगावर काय, दार बंद आहे का, दिवा, फोन कुठे ठेवलाय, सुरुवात कोणी केली. मग वाचताना हात मोजा. दंडाला धरलेला हात दोन ओळींनी केसांत असतो आणि मध्ये सोडलेलाच नसतो, ही चूक जवळजवळ प्रत्येक पहिल्या मसुद्यात सापडते. साडी, पिना, हुक, बांगड्यांचा आवाज, यांना वेळ लागतो. तो वेळ वाक्यांत दिसला पाहिजे.

संमती वेगळ्या वाक्याने जाहीर करायची गरज नाही, कृतीत दाखवा. विचारणं, थांबणं, ‘नको’ म्हटल्यावर खरोखर मागे सरणं. ‘नाही म्हणजे हो’ हा जुना साचा आजच्या वाचक बायकांना पुस्तक मिटायला लावतो आणि ते योग्यच आहे. गर्भनिरोधकाचा उल्लेखही एका ओळीत येऊ शकतो, दोन प्रौढ, एकदा पोळलेली माणसं त्याचा विचार करतीलच.

लिहिण्याची शिस्त: मोबाइलवर रोज ४०० ते ६०० शब्द पुरेत. ३८ हजार शब्द उरलेत, ५०० च्या हिशेबाने ७६ बैठका. बैठक वाक्याच्या मध्ये थांबवा, दुसऱ्या दिवशी सुरुवात सोपी जाते. बोलून टंकणं सोयीचं असतं, पण असे प्रसंग एकत्र कुटुंबात बोलून लिहिता येत नाहीत, तेव्हा ते अंगठ्यांनी आणि बाकीची प्रकरणं बोलून. जवळिकीचा प्रसंग लिहून झाला की किमान दोन आठवडे उघडू नका. नंतर मोठ्याने किंवा निदान ओठ हलवत वाचा. जिथे स्वतःला लाज वाटते ती जागा बहुधा खरी असते, जिथे हसू येतं ती बदला.

उत्तर: कलम_आणि_लेखणी

कायद्यापुरतं लिहिते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू आहे, पूर्वीचं २९२. त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपही धरलेलं आहे. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लोकोपयोगी प्रकाशनाला अपवाद आहे. इंटरनेटवर टाकलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आणि उघड लैंगिक कृतीसाठी ६७अ येतं. ६७अ मध्ये पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. तिथेही साहित्याचा अपवाद आहे, पण तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

कसोटी कुठली? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार प्रकरणात जुनी हिक्लिन कसोटी (मजकुराने कच्च्या मनाचा वाचक बिघडेल का, एवढंच पाहणारी इंग्रजी कसोटी) बाजूला ठेवून समकालीन समाजाची मोजपट्टी धरली: एखादं वाक्य उचलून नव्हे, संपूर्ण कृती पाहून ठरवायचं. मराठीतला जवळचा दाखला चंद्रकांत काकोडकरांचा. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर खटला झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना निर्दोष ठरवलं. दुसरा दाखला आपल्या लातूरशी जोडलेला. गांधीजींना पात्र करणाऱ्या एका मराठी कवितेचं प्रकरण लातूरच्या न्यायालयातून वर गेलं. २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी अधिक कडक होते. म्हणून संत, देवदेवता, इतिहासपुरुष, हयात पुढारी यांना अशा मजकुरापासून लांब ठेवा.

सर्व पात्रं १८ वर्षांवरची, आणि हे मजकुरातच स्पष्ट. शाळा-कॉलेजच्या आठवणींतही अल्पवयीन पात्राचा लैंगिक प्रसंग नको. मुलांच्या लैंगिक चित्रणासाठी त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहे, आणि त्याहून आधी ते लिहूच नये. ओळखीच्या माणसाचं नाव, दुकान, गल्ली जुळली तर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो. आडत दुकान खरं वाटावं, पण यार्डातल्या कुठल्याही एका दुकानाशी जुळू नये. वादग्रस्त वाटणारी पानं छापण्याआधी एकदा वकिलाला दाखवा.

उत्तर: नांदेडहून_रात्री

टोपणनावाचं.

वेगळं ईमेल खातं, त्यावरच मजकूर. फोन नंबर जोडलात आणि संपर्कयादी अपलोड होऊ दिलीत तर इन्स्टाग्राम-फेसबुक तुमचं लेखिकेचं खातं जावेला सुचवतील. तेव्हा संपर्कयादीची परवानगी बंद. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून खरं नाव राहतं, पाठवण्याआधी पुसा. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ विकू नका: यूपीआयने पैसे घेताना बँकेतलं नाव दिसतं, आणि पहिलीच प्रत दहा ग्रुपांत फिरते.

केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक छापायच्या अॅमेझॉनच्या सेवेवर, मराठी ईबुक चालतं. खातं, पॅन आणि बँक खऱ्या नावाने, लेखकाच्या रकान्यात टोपणनाव, खरं नाव वाचकाला दिसत नाही. भारतात ७० टक्के मानधन हवं तर केडीपी सिलेक्ट ही त्यांची योजना घ्यावी लागते, म्हणजे ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या अॅपवर आधी प्रकरणं टाकलेली असतील तर ती काढल्याशिवाय सिलेक्ट घेऊ नका. प्रौढ मजकुराचा प्रश्न विचारला जातो, तिथे खरं उत्तर द्या, आणि मुखपृष्ठ साधं ठेवा. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्री-लिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधून आणलेल्या मजकुरात जोडाक्षरं तुटतात, म्हणून किंडल प्रिव्ह्यूअर या पुस्तक आधी बघायच्या साधनात ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, ‘क्ष’ असलेली पानं आधी तपासा.

स्वामित्वहक्क लिहिल्याक्षणी तुमचाच. नोंदणी ऐच्छिक, साहित्यकृतीला ५०० रुपये. टोपणनावाने छापलं आणि ओळख उघड झाली नाही तर हक्काची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. मसुद्यांच्या तारखा असलेल्या फाइली जपून ठेवा, चोरी झाली तर त्याच पुरावा.

गोलाईची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारते. पहिला प्रसंग येळवशीला ठेवला. ती घरी एकटी राहण्याचं कारण डोकेदुखी लिहिलंय, पण ते लटकं वाटतंय.

उत्तर: माळवद

डोकेदुखी काढा. ती तिने स्वतः निवडलेली गोष्ट वाटत नाही, लेखिकेने दिलेली वाटते. ती शिवारात जाऊ दे. पहाटे भाकरी-भज्जी करू लागली, पूजेला थांबली, जेवणं झाल्यावर आडतीच्या मुनीमजीचा हिशेब राहिलाय म्हणून दुपारी तीनच्या एसटीने परत निघाली. हिशेब खरंच राहिलेला असू दे. बाकीचे दिवस मावळल्यावर येतील, म्हणजे तीन तास, आणि त्यातला पहिला तास ती हिशेबच करते. दार वाजवायला तो येत नाही, तीच जळलेली मोटार बघायला बोलावते. आणि मोटारही खरंच जळलेली हवी.