मदत हवी आहे: सर्व्हरचा डी ड्राइव्ह मोठ्या डिस्कवर न्यायचा आहे, परवानग्या जशाच्या तशा ठेवून

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसच्या विंडोज फाइल सर्व्हरवरचा २ टीबीचा डी ड्राइव्ह भरत आलाय. ४ टीबीची नवी डिस्क लावली आहे. जुनी एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) आहे, नुसती क्लोन केली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. म्हणून नवी जीपीटी (२ टीबीच्या पुढेही चालणारी पद्धत) करून डेटा कॉपी करणार आहे.

खरी काळजी परवानग्यांची. काही फोल्डरांत इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप लागू होणं) बंद करून एकेकाला हक्क दिले आहेत. पगाराचं फोल्डर तासभर जरी सगळ्यांना उघडं राहिलं, तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. एक्सप्लोररमधून कॉपी केल्यास फायली नव्या जागेच्या परवानग्या घेतात, म्हणून तो मार्ग बादच.

बेत असा: रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड), सोबत मिर (नवी बाजू जुनीसारखी हुबेहूब करणारा), कॉपीऑल (परवानग्या, मालक सगळं नेणारा) आणि बी (बॅकअपचे हक्क वापरून आपल्याला बंद असलेल्या फायलीही वाचणारा) हे स्विच, म्हणजे कमांडचे पर्याय. एक फेरी आधीच, शेवटची शनिवारी रात्री लोकांचा वापर थांबवून. मग नव्या डिस्कला डी हेच अक्षर. शेअरची (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरांची) माहिती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) असते, त्यामुळे पाथ तोच राहिला की शेअर परत दिसायला हवेत.

दोन फेऱ्यांच्या मधे कुणाची फक्त परवानगी बदलली, फाइल नाही, तर सेकफिक्स (न बदललेल्या फायलींच्याही परवानग्या परत लावणारा) स्विच लावावाच लागेल ना? लाखो लहान फायलींवर तो किती वेळ घेतो? आणि नंतर तपासता कसं? आयकॅकल्स या परवानग्यांच्या कमांडने दोन्हीकडच्या याद्या सेव्ह करून ताडता येतात, पण त्यांत फायलीचा मालक येत नाही, आणि आमचा कोटा (प्रत्येकाला किती जागा, याची मर्यादा) मालकावरच मोजला जातो.

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया शनिवारच्या आत सांगा.