चौदा वर्षांची सवय मोडून नवा एडिटर शिकावा का?

बोरू
विम हा कोड लिहायचा एडिटर चौदा वर्षं वापरला. तीन महिन्यांपूर्वी हेलिक्स या नव्या एडिटरवर आले आणि आता परत जायची इच्छा नाही. ज्याचा सगळा दिवस कोडमध्ये जातो, त्याने हा त्रास एकदा तरी सोसावा असं माझं ठाम मत झालंय.

त्रास आहे, हे आधीच सांगते. विममध्ये काय करायचं ते आधी आणि कशावर ते नंतर: डी म्हणजे पुसा, मग डब्ल्यू म्हणजे शब्द. हेलिक्समध्ये बरोब्बर उलटं. डब्ल्यूने शब्द निवडला जातो, रंगाने दिसतो, मग डी. पहिल्या दिवशी ओळ पुसायला सवयीने दोनदा डी दाबला. ओळ तिथेच, आणि त्यातली दोन अक्षरं गायब! काही निवडलेलं नसेल तर कर्सरखालचं अक्षर हीच तिथली निवड. ओळीसाठी आधी एक्स, मग डी. पहिल्या आठवड्यात निम्मा वेळ चुका मागे घेण्यात गेला.

मग एका फाइलमध्ये व्हेरिएबलचं नाव बदलायचं होतं. टक्क्याच्या चिन्हाने अख्खी फाइल निवडली, एस दाबून जुनं नाव टाइप केलं, आणि ते जिथे जिथे होतं त्या सगळ्या जागा एकदम उजळल्या. त्यातली एक जागा वापरकर्त्याला दिसणाऱ्या मजकुरात होती, ती बदलायची नव्हती. तेवढी निवडीतून काढली, सी दाबला आणि नवं नाव सगळीकडे एकाच वेळी उमटत गेलं. कापण्याआधी काय कापणार आहोत ते डोळ्यांना दिसतं, यासाठी मी तो आठवडा पुन्हा घालवेन.

जुनी_वही
असहमत. तुम्ही सांगताय ते विममध्ये आहेच. व्ही दाबून आधी निवडा, मग डी. शोध-बदलच्या कमांडला शेवटी सी जोडलं की प्रत्येक जागी थांबून विचारतो. चौदा वर्षांत हे हातात बसलं नसेल, तर तो आठवडा विमच नीट शिकण्यात घालवायला हवा होता.

आणि टिंबाचं काय? विममध्ये टिंब दाबलं की आधीचा अख्खा बदल पुन्हा होतो, पुसणंसुद्धा. हेलिक्समध्ये टिंब फक्त शेवटचं टायपिंग परत करतं. माझं निम्मं काम त्या एका टिंबावर चालतं.

एकेकाळी बदलायला सबळ कारण होतं: नव्या एडिटरना कोड कळायचा, जुन्यांना नाही. २०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे कोड समजणारा वेगळा प्रोग्राम (सर्व्हर) कुठल्याही एडिटरला जोडायची पद्धत आली आणि तेही संपलं. तेच सर्व्हर विमलाही जोडता येतात, निओविम या विमच्याच नव्या अवतारात तर २०२१ पासून सोय आतच आहे. मग बोटांची घडी कशासाठी विस्कटायची?

तिठा
जुनी_वही, तुम्हाला निवड आहे म्हणून हे बोलता येतं. मी ॲटम या एडिटरवर होतो. १५ डिसेंबर २०२२ ला त्याचं काम अधिकृतपणे थांबलं आणि सगळ्या सवयी एका झटक्यात निरुपयोगी झाल्या. तेव्हा कळलं की मला एकच एडिटर येतो, आणि तोही फक्त माझ्या सेटिंग्जसह. स्वतःच्या सवडीने दुसरा शिकणं आणि नाइलाजाने शिकणं यात फार फरक आहे.

जुनी_वही
तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. २०१४ मध्ये आलेला एडिटर आठ वर्षांत संपला. विमचा पूर्वज व्हीआय १९७६ चा, विम १९९१ चा. विमचे जनक ब्राम मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. आता विमचं कसं होणार, अशी खरोखर धास्ती वाटली होती. पुढच्याच जानेवारीत विमची ९.१ आवृत्ती आली, त्यांनाच अर्पण केलेली. हेलिक्स २०२१ चा. मी इतक्या लवकर त्याच्या भरवशावर राहणार नाही.

बोरू
ब्राम यांच्याबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. माझी चौदा वर्षं त्यांच्याच कामावर गेली.

व्ही मला माहीत होता. पण विममध्ये तो वेगळा मोड आहे, मुद्दाम आठवून जावं लागतं. घाईत कोण जातं? मी तर नाही जायचे. हेलिक्समध्ये न बघता कापायची वाटच नाही. टिंबाचं मात्र मान्य, त्याची उणीव रोज भासते.

आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. मागच्या आठवड्यात सर्व्हरवर विममध्ये सेटिंगची फाइल उघडली आणि ओळ निवडायला म्हणून एक्स दाबला. विममध्ये एक्स अक्षर पुसतो. पोर्टच्या आकड्यातला एक अंक उडाला. सेव्ह करण्याआधी दिसलं म्हणून निभावलं. तेव्हापासून सर्व्हरवर काही बदललं की सेव्ह करण्याआधी मूळ फाइलशी ताडून बघते.

जुनी_वही
म्हणजे आता दोन्ही व्याकरणं डोक्यात ठेवून काम करताय. ही किंमत तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हती.

बोरू
नव्हती, खरं आहे. ती धरूनही माझं मत तेच आहे.