जिम कशाला, बोलोन्याला चाला

इटलीत पास्ता-चीज खाऊन वजन वाढेल, म्हणून जिम असलेलं हॉटेल घ्यावं का, असं एकाने विचारलंय. त्यापेक्षा तिथल्या बोलोन्या शहरासाठी एक दिवस काढा. पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून टेकडीवरच्या सान लुका चर्चपर्यंत छपराखालची सलग वाट आहे: ६६६ कमानी, जवळपास पावणेचार किलोमीटर. म्हणजे उन्हापावसाची सबब बाद! मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत रस्ता सपाट. तिथून चढ आणि पायऱ्या सुरू झाल्या की पोटऱ्या बोलू लागतात. शेजारून पळत चढणाऱ्या स्थानिक मंडळींच्या नादी लागू नका.

खाली उतरलात की ताल्यातेल्ले अल रागू, म्हणजे खिम्याच्या सॉसमधला पट्ट्यांचा पास्ता मागवा. त्यात बीफ-पोर्क असतं, चालत नसेल तर रिकोटा हे मऊ चीज भरलेले तोर्तेलोनी (सारण भरलेला पास्ता) घ्या. वर वितळलेलं लोणी आणि त्यात कुरकुरीत झालेली सेज या सुगंधी वनस्पतीची पानं, बस्स. मात्र पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो पोटातला पाचक रस) असतं आणि ते सारणातही बहुधा घालतात; कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा. आणि जेवायला दोनच्या आत पोचा, नंतर बऱ्याच ठिकाणी थेट रात्रीच चूल पेटते.