बसलेल्या घशासाठी दारव्ह्याहून मुंबई?

सुरेल_नागपूर
१७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस हा अमेरिकन रॉक बँड वाजवून गेला. इथले एक दादा त्यासाठी दारव्ह्याजवळच्या खेड्यातून गेले आणि आल्यापासून गहिवरून लिहितायत. माफ करा, पण त्यांचा गायक ॲक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा होता. वरच्या पट्टीत नुसती किंचाळी उरलीय. पहिल्या अल्बमच्या पाचांतले आता तिघंच आहेत. १९८७ चं रेकॉर्डिंग घरी ऐका की, फुकट आहे. हा सगळा आठवणींचा धंदा, आणि त्यात खेड्यातला माणूसही फसायला लागला याचं वाईट वाटतं.

ट्रॅक्टर_बॅटरी
‘खेड्यातला माणूसही’. यातला तो ‘ही’ मले टोचला म्हणून लिहून रायलो. ते दादा मीच.

९३-९४ साली आमच्याकडे लाइन दिवसातून निम्मा वेळ नसायची. कॅसेट यवतमाळहून आणलेली, तीही कोणाकडून तरी भरून घेतलेली. टेपच्या वायरला चिमटे लावून बाबाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चढवायचो, अन् बाबा वावरातून यायच्या आत काढायचो. बॅटरी उतरली की कॅसेट जड व्हायची. ॲक्सल किंचाळता किंचाळता भजनातल्या बुवासारखा घोगरा व्हायचा, मग नुसतं घुंऽऽ. सकाळी ट्रॅक्टर धक्का मारून चालू करताना बाबाच्या शिव्या वेगळ्या. त्यांच्या ‘नोव्हेंबर रेन’ गाण्याचा शेवट असाच बुडत जातो असं मी दोन वर्षं समजत होतो!

तर साहेब, मी त्याचा आवाज उतरलेलाच ऐकत आलो. महालक्ष्मीला तो पियानोवर बसला, वरचा सूर घेताना चिरकला. शेजारच्या पोराला मी म्हटलं, बॅटरी उतरली. त्याले काही समजलं नाही. मग त्यांचा गिटारवाला स्लॅश, त्यानं गिटार घेतली, अन् माह्यं बोलणंच बंद झालं. तुम्ही घसा मोजा.

पऱ्हाटी
कविता झाली. आता हिशेब. तिकीट, गाडी, खाणंपिणं मिळून १२ हजार गेले, तूच परवा लिहिलं. बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये. तेरा पाकिटं होतात बाप्पा, अन् पेरणी तोंडावर. कापसाले भाव नाही म्हणून रडणारेही आपणच.

ट्रॅक्टर_बॅटरी
गेल्या साली तुह्या पुतण्याच्या लग्नात डीजेले ३५ हजार दिले, तवा पाकिटं मोजली का? मीबी नाचलो होतो, म्हणून बोललो नाही.

पऱ्हाटी
लग्न वेगळं. समाजात राहावं लागते.

दिग्रसची_वहिनी
दोघांनाही एकच प्रश्न. वखरणीच्या दिवसांत घरचा माणूस दोन-तीन दिवस मुंबईला जातो तेव्हा ढोरांचं शेणपाणी कोण करतं? ते हिशेबात कुठेच दिसलं नाही. मला माहेरी एक रात्र राहायचं म्हटलं तर पंचांग काढतात.

ट्रॅक्टर_बॅटरी
हे मात्र खरं. घरच्यांनी केलं. येताना दादरहून साडी आणली, तिचा रंगही चुकला.

मूर्तिजापूर_जंक्शन
ते घसे सोडा. दारव्ह्याहून गेला कसा? एसटीनं मूर्तिजापूर, तिथून रात्रीची मुंबई गाडी, बरोबर? आपली छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे चालू असती तर दारव्हा मोतीबाग स्टेशनवर बसून आरामात मूर्तिजापूरले उतरला असता. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर लाइन, १९०३ पासूनची. १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन ओढत होतं. बंद पाडली अन् सगळे चूप.

सुरेल_नागपूर
आरामात?? ११३ किलोमीटर अख्खा दिवस घ्यायची ती. लोक उतरून बोरं तोडून परत चढायचे म्हणतात. धागा संगीताचा आहे.

मूर्तिजापूर_जंक्शन
बोरंच तोडायचे, मुंडकी नाही. माह्या आजीचा बाळंतविडा त्या गाडीतून गेला होता. तुमच्या मेट्रोत नेऊन दाखवा एखादा.

पऱ्हाटी
त्या गाडीचा पैसा अजून इंग्लंडले जाते म्हणे. बरं झालं बंद पडली.

मूर्तिजापूर_जंक्शन
व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथं नको. त्या लाइनची मालक कंपनी किलिक निक्सन इंग्रजांनी काढली, पण कंपनीचे मालक कधीचेच देशी आहेत. दर दोन महिन्यांनी हेच टाइप करून माह्यी बोटं झिजली.

दिग्रसची_वहिनी
शकुंतला गेली ती गेली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेचं बोला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. दारव्हा, दिग्रस, पुसद अजून नकाशावरच. माझ्या लेकीला नांदेडला शिकायला धाडलं, दर सुट्टीला एसटीत ओकत येते.

मूर्तिजापूर_जंक्शन
ब्रॉडगेज या हो, नाही कोण म्हणते. पण म्हणून छोटी लाइन गंजू द्यायची?

सुरेल_नागपूर
पुन्हा रेल्वे! मूळ मुद्द्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. चिरकं गाणं ऐकायला इतके पैसे का, एवढंच विचारलं होतं.

ट्रॅक्टर_बॅटरी
दिलं होतं, तुम्ही बॅटरीवरून पुढं गेलाच नाहीत. एक सांगा, तुम्ही त्यांना समोर कधी पाहिलं का?

सुरेल_नागपूर
पाहिलंय. २०१२ ला, मुंबईत. तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, अर्धा पगार तिकिटात घातला. आणि स्टेजवर स्लॅश नव्हता, बास वाजवणारा डफ नव्हता. ते १९९६-९७ मध्येच बाहेर पडलेले, २०१६ ला परतले. मला माहीत होतं, तरी गेलो. पूर्ण वेळ गिटारवाल्याकडे पाहत बसलो, आणि तो तो नव्हता.

पऱ्हाटी
म्हंजे जळालं तुमचं, अन् धूर आमच्या वावरात.

सुरेल_नागपूर
असेल. पण चिरकतो ते चिरकतोच.

ट्रॅक्टर_बॅटरी
चिरकतो. मान्य.
स्लॅश वाजवताना काढलेला चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. हात हलला, मधे कोणाचं तरी डोकं येते. टाकू का?

सुरेल_नागपूर
टाका. खाजगीत टाका, इथं नको.

मूर्तिजापूर_जंक्शन
अन् परतीची गाडी कोणती धरली तेही टाक.