उधाण, भांग आणि परभणीतली ‘भरती’

‘भरती’ आणि ‘उधाण’ हे समानार्थी शब्द म्हणून शिकवावेत का, असे परभणीत मराठी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या गावात गेले आणि संसार परभणीत झाला, त्यामुळे दोन्हीकडचा वापर कानावर आहे. माझे उत्तर ‘शिकवू नयेत’ असेच आहे.

भरती दिवसातून साधारणपणे दोनदा येते. उधाण मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येते, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत असते, आणि त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच ओहोटीला लांब हटते. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार मंदावतो, त्याला ‘भांग’ म्हणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब आमच्याकडे पोरांनाही तोंडपाठ असे: चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमेच्या संध्याकाळी एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडत आणि आजी लहानशा कोयतीने त्यांवरची कालवे (खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले) फोडून वाटीत काढत असे. ‘आज भांग आहे, कालवं मिळायची नाहीत,’ हे तिचे वाक्य मी सासरी सांगितले, तेव्हा सगळ्यांना महाशिवरात्रीची भांग आठवली.

मराठवाड्यात ‘भरती’ म्हणजे पोलीस भरती किंवा दवाखान्यात भरती होणे. पैठणच्या जलाशयाला नाथसागर म्हणत असले, तरी तिथले पाणी वाढते ते आवक झाल्याने आणि उतरते ते विसर्गामुळे. ‘उधाण’ इकडे भेटते ते ‘चर्चेला उधाण आले’ अशा मथळ्यांतच. त्या वापरात काही गैर नाही, कारण नेहमीच्या मर्यादेपलीकडे चढणे हा मूळ अर्थ त्यात शाबूत आहे. ‘व्यापाराला ओहोटी लागली’ हे मात्र माझ्या कानाला अजून खटकते, कारण त्यात कायमची उतरती कळा अभिप्रेत असते आणि समुद्राची ओहोटी तर सहा तासांत परतते. अर्थात रूढी बळकट आहे, तेव्हा वाद नको.

वर्गात ‘उधाण’ याचा अर्थ ‘अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती’ असा तिथीसह द्यावा, आणि त्याचा जोडीदार म्हणून ‘भांग’ही सांगावा.